तुमची लेक वाचते

“मॅडम, हिला हे वाचायला सांगा,” द्वारका म्हणाली आणि चपला न काढताच वर्गात आली.

त्या दिवशी माझ्या वर्गात पाहुणे होते. शेजारच्या तालुक्यातले बारा शिक्षक मागच्या भिंतीला टेकून, मांडीवर वह्या घेऊन बसले होते. दुसरीची एकोणतीस मुलं पट्ट्यांवर गोल करून बसली होती आणि मध्ये मी, मोठ्या चित्रांचं पुस्तक उघडून. आत आलेली बाई शिवकन्येची आई आहे हे मी ओळखलं ते शिवकन्या उठून उभी राहिली म्हणून. शिवकन्या माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. पाहुणे आले की पहिलं पुस्तक मी तिच्याच हातात द्यायची.

द्वारकेनं पदरातून एक कागद काढून लेकीच्या हातात दिला. ती कापूस वेचायचं सोडून तशीच आली होती. बोटांना बोंडाचे ओरखडे होते. पाहुण्यांसमोर हा काय प्रकार म्हणून मला रागच आला. पण लगेच मनात आलं, बरंच झालं. आई कागद घेऊन शाळेत येते आणि सात वर्षांची पोर तिला वाचून दाखवते, याहून चांगला पाठ पाहुण्यांना कुठला बघायला मिळणार? मी म्हटलं, “वाच बाळा.”

शिवकन्येनं कागद डाव्या हातात धरला. उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं, मी शिकवलं होतं तसं. “मी द्वारका,” तिनं सुरुवात केली. “माझे मालक वारले. मला निराधारचा पगार चालू करावा. मला एक मुलगी आहे. आमच्या घरात कमावणारं कुणी नाही.” बोट ओळीखालून सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. आवाज स्वच्छ, अडखळणं कुठंच नाही. मागे एका पाहुण्या बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

“झालं?” द्वारकेनं विचारलं.

“झालं.”

“आता तुमी वाचा,” ती मला म्हणाली. “मोठ्यानं.”

मी कागद घेतला. तहसीलमधून काढलेली नक्कल होती ती. सवयीनं मी पहिली ओळ मोठ्यानंच वाचली: “लिहून देणार द्वारकाबाई भ्र. बळीराम, कारणे संमतीपत्र लिहून देते की...” आणि तिथून पुढे माझा आवाज खाली गेला. माझ्या मयत पतीच्या नावे असलेल्या दोन एकर सात गुंठे जमिनीवर माझा व माझ्या अज्ञान मुलीचा कसलाही हक्क राहिलेला नसून, सदर जमीन माझे दीर मुंजाजी यांचे नावे करण्यास माझी हरकत नाही. मी मध्येच थांबले. निराधार हा शब्द त्या कागदात कुठंही नव्हता.

“कामून थांबल्या?” द्वारका म्हणाली. “लेकरू थांबलं नाई. तुमी कामून थांबल्या?”

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, शिवकन्येचा दंड धरला आणि ती निघून गेली. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि पुढची गोष्ट सुरू केली.

हे दोन हजार तीन सालचं. परभणी जिल्ह्यातलं, पूर्णेच्या काठचं एक गाव; नाव मुद्दाम सांगत नाही. चौथीपर्यंतची शाळा, चार शिक्षक. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि जिल्ह्यात माझं नाव झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एक मोठं प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं शिकवलेलं मला मनापासून पटलं होतं. लेकराला आधी अक्षरं देऊ नका, आधी गोष्ट द्या. अक्षर सुटं असतं, त्याला अर्थ नसतो, म्हणून लेकराला त्याचा कंटाळा येतो. चित्र बघू द्या, पुढे काय असेल याचा अंदाज बांधू द्या, वाचन आपोआप येईल. गावात आल्या आल्या मी वर्गातला बाराखडीचा तक्ता उतरवला आणि गुंडाळून ऑफिसातल्या कपाटावर टाकला.

मुलं खरंच बोलायला लागली, हसायला लागली, शाळेत थांबायला लागली. पुस्तक हातात घेऊन पानामागून पान वाचायला लागली. माझा वर्ग बघायला लोक येऊ लागले.

तिसरीला किशनराव आघाव गुरुजी होते. पन्नाशी उलटलेले. पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग, हातात लाकडी पट्टी. त्यांच्या वर्गातून दिवसभर बाराखडीचा घोष ऐकू यायचा आणि मधूनमधून पट्टीचा आवाज. माझी आधीची तुकडी दुसरी पास होऊन त्यांच्याकडे गेली, आणि केंद्राच्या महिन्याच्या बैठकीत, तीस-पस्तीस शिक्षकांसमोर, ते उठून म्हणाले की मॅडमची मुलं पाठ म्हणतात, वाचत नाहीत. मीही उठले. म्हटलं, तुमची मुलं वाचतात, पण काय वाचलं ते एकालाही सांगता येत नाही, आणि पट्टी खाली ठेवली तर वाचतही नाहीत. लोक हसले. ते खाली बसले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणं टाकलं. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याविरुद्ध गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, की ते मुलांना मारतात. अर्जातला शब्दन् शब्द खरा होता. पण मी तो मुलांसाठीच दिला होता असं मात्र आज मला म्हणता येत नाही.

पाहुणे चार वाजता गेले. दुपारभरात शिपायाकडून, मुलांकडून सगळी हकिकत मला कळली होती. द्वारकेचा नवरा बळीराम चैत्रात टेम्पो उलटून गेला होता. तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी धाकटा भाऊ मुंजाजी कागद घेऊन वहिनीकडे आला. निराधारचा अर्ज आहे, अंगठा द्या, म्हणाला. अशा कामाला द्वारका पूर्वी कुणाच्या तरी घरी जाऊन कागद वाचून घ्यायची. त्या दिवशी गेली नाही. तिनं लेकीला हाक मारली आणि म्हणाली, थांबा भाऊजी, माझी लेक वाचते. मुंजाजीच्या कपाळावर तेव्हा घाम आला होता म्हणे. शिवकन्येनं कागद धरला, बोट लावलं, आणि काकानं पाच मिनिटांपूर्वी जे तोंडानं सांगितलं होतं तेच ओळीओळीनं वाचून दाखवलं. मुंजाजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शाब्बास म्हणाला. द्वारकेनं अंगठा दिला. सहा महिन्यांनी तो शेतात तिला आडवा आला तेव्हा तिला कळलं.

आणि “तुमची लेक वाचते” हे शब्द माझे होते. पहिलीच्या शेवटी मी आयांचा मेळावा घेतला होता. एकेक लेकरू उभं करून वाचायला लावलं होतं आणि आयांना सांगितलं होतं, “आता तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. तुमची लेक वाचते.”

ऑफिसात आघाव गुरुजी हजेरीपत्रक पुरं करत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं ते काही बोलतील, आणि ते बोलायच्या आत आपण बोलावं. मी म्हटलं, “चौथीतल्या मुलालासुद्धा तो कागद वाचता आला नसता. कचेरीतली भाषा ती. सात वर्षांच्या मुलीकडून तिनं अपेक्षा करायलाच नको होती.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

ते मान्य करतील हे मला अपेक्षित नव्हतं.

“माझ्या तिसरीतल्या पोराला पण तो कागद आला नसता,” त्यांनी पेन खाली ठेवलं. “पहिल्याच ओळीत अडकलं असतं. पट्टी बसेल म्हणून घाबरून रडलं पण असतं. आणि म्हणालं असतं, मला नाही येत. मग त्या बाईनं अंगठा दिला नसता, मॅडम. कुणीतरी दुसरं शोधलं असतं.” मग त्यांनी हजेरीपत्रक मिटलं. “पोरीला वाचता येत नाही याचं मी काही म्हणत नाही. सात वर्षांची आहे, येईल. पण आपल्याला वाचता येत नाही हेच तिला माहीत नव्हतं. ते तुम्ही केलं.”

मी त्यांना म्हटलं की तुमच्या हाताखालची मुलं जन्मात पुस्तकाला हात लावणार नाहीत. ते म्हणाले, नसतील लावत. आणि सायकल काढून निघून गेले.

रात्रभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. सकाळी वर्गात जाऊन फळ्यावर चार ओळी लिहिल्या. मुलांच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीतलेच शब्द, फक्त उलटसुलट लावलेले. गोष्टीत कोल्हा नदीवर पाणी प्यायला जातो. मी लिहिलं, नदी कोल्ह्याकडे आली. चित्र काढलं नाही. एकेकाला फळ्याजवळ बोलावलं. पहिल्या मुलानं बोट लावलं आणि आनंदानं वाचलं, कोल्हा नदीवर गेला. दुसऱ्यानं तेच. तिसरीनं आधी चित्र कुठंय म्हणून माझ्याकडे बघितलं आणि मग तेच. एकोणतीसपैकी सहा जणांनी फळ्यावर होतं ते वाचलं. त्या सहांना मी विचारलं, हे कुठं शिकलात? कुणाला आजोबांनी घरी बाराखडी घोटून घेतली होती, कुणाला थोरल्या बहिणीनं. माझ्याकडून शिकलेला त्यांत एकही नव्हता.

शिवकन्येचं नाव मी शेवटी घेतलं. ती फळ्याजवळ आली, उभी राहिली आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. बोटसुद्धा लावलं नाही. त्या दिवसापासून तिनं माझ्या वर्गात वाचणं बंद केलं.

मधल्या सुट्टीत मी आघाव गुरुजींकडे गेले. अक्षरं कुठून सुरू करू, असं विचारलं. हे विचारताना मला किती जड गेलं ते त्यांना दिसत होतं आणि ते त्यांना आवडतही होतं.

“माझ्याविरुद्ध अर्ज आहे तुमचा,” ते म्हणाले.

“तो मी मागे घेणार नाही. तुम्ही मारता.”

“मारतो. मग मला कशाला विचारता? तक्ता कपाटावर आहे. खुर्ची घ्या अन् काढा.”

मी खुर्ची घेतली आणि काढला. त्यावर दोन वर्षांची धूळ होती. गुरुजींनी एवढं मात्र केलं, की मी त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभी राहिले तर हाकललं नाही. क-म-ल झाल्यावर ते लगेच म-ल-म, क-ल-म का घेतात, ज्या शब्दाचा अंदाज बांधता येत नाही तोच आधी का देतात, हे मी आठ दिवस दाराशी उभी राहून शिकले. पट्टीचा आवाज झाला की मी तिथून निघायची. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या अर्जावरून त्यांची बदली झाली. माझा निरोप न घेता गेले, आणि मीही समोर गेले नाही.

फळ्यावर त्या चार ओळी लिहिल्या त्याच आठवड्यात मी द्वारकेच्या घरी गेले. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. ती नुकतीच रानातून आली होती, आता दुसऱ्याच्या रानातून. अंगणात मी उभी राहिले. तिनं बसा म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. आमच्याकडे दारी आलेल्याला पाणी न देणं म्हणजे काय ते सांगायला नको. मी म्हटलं, शिवकन्येला रोज तासभर शिकवायला येईन.

“पोरगी शिकली तेवढी पुरं,” ती म्हणाली. “तिच्या तोंडानं मी आता काही आयकनार नाई. शिकवायचंच असंल तर मला शिकवा.”

ती पुढे म्हणाली, “आन मी इचारीन तेवढंच सांगायचं. गोष्ट-बिष्ट नको.”

मी रोज जाऊ लागले. ती चुलीपुढे बसायची, मी उंबऱ्याच्या आत गोणपाटावर. ते गोणपाटही महिनाभरानं मिळालं. शिवकन्या बाहेर ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसायची.

मी आयुष्यात शेकडो मुलांना शिकवलं, पण इतका संशयी विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. मी पाटीवर शब्द लिहिला की ती हाताच्या पंजानं तो झाकायची आणि एकेक अक्षर उघडं करायची. हे काय? र. नेहमी र? नेहमी. दुसऱ्या कागदावर पण? हो. कुणी लिहिलं तरी? हो. मग ती मान हलवून पुढच्या अक्षरावर जायची. स्वतःचं नाव शिकवा म्हणाली तेव्हा मी सांगितलं की त्यात द आणि व एकात एक आहेत, जोडाक्षर आहे, ते शेवटी येईल. तिला ते खोटं वाटलं. माझं नाव मलाच शेवटी कामून, म्हणाली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एकदा ती एका शब्दाच्या शेवटाशी अडली. जुनी सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, “पुढे काय असेल? अंदाज करा.”

तिनं पाटी खाली ठेवली.

“अंदाजानंच गेलं रान,” ती म्हणाली.

त्यानंतर तो शब्द मी कुठल्याच वर्गात वापरला नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी ‘ज्ञ’वर तिचं घोडं अडलं. मी सांगणार तेवढ्यात ओट्यावरून, पाठ न फिरवता, शिवकन्या म्हणाली, “ज्ञ.”

“तुला कुनी इचारलं?” द्वारका तिच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात तिनं विचारलं, “बरोबर हाय का?”

मी म्हटलं, बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी शिवकन्या ओट्यावर आमच्याकडे तोंड करून बसली. मार्चमध्ये वर्गात तिनं पहिल्यांदा पुस्तक उघडलं, खूप वेळ एका ओळीकडे बघितलं आणि मला म्हणाली, “मॅडम, ह्यातला तिसरा शब्द मला येत नाही.” मी खडू खाली ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं आत येऊन तिला तो शब्द सांगितला.

जमिनीचं पुढे काय झालं ते सांगते. गावातल्या एका वकिलाच्या ओळखीनं द्वारकेनं तहसीलमध्ये हरकत घेतली. तारखा पडत राहिल्या. एका तारखेला मीही जबाब दिला, की मुलीला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि तिला वाचता येतं असं आईला मीच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, तुम्ही शिक्षिका ना? मी म्हटलं, हो. समोरच्या बाकावर मुंजाजी हसला. चार वर्षांनी निकाल लागला. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलीचा हक्क आईला असा सोडता येत नाही म्हणून शिवकन्येचा हिस्सा वाचला. द्वारकेचा गेला.

मी पहिली-दुसरीलाच राहिले, निवृत्त होईपर्यंत. प्रशिक्षणाला माझ्याकडे येणाऱ्या तरुण शिक्षकांपैकी काही मला जुन्या वळणाची बाई म्हणत, आणि पट्टी हातात घेणाऱ्यांचं माझ्याशी कधी जमलं नाही. गोष्टी मी सोडल्या नाहीत. पण गोष्ट मी वाचायची. मुलांच्या हातात जायचं ते त्यांना फोडता येईल तेवढंच.

पण मला खरं सांगायचंय ते द्वारका शिकत होती त्याच वर्षीच्या एका रविवारचं. चैत्र लागला होता. बळीरामचं वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला होता. मी गेले तर द्वारकेनं पाटी काढलीच नाही. पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढला आणि गोणपाटावर पसरला.

“आज ह्यो,” म्हणाली.

मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली.

तिला दीड तास लागला. पंजानं झाकायची, एक अक्षर उघडायची, म्हणायची, पुढचं उघडायची. “लि-हू-न दे-णा-र.” स्वतःच्या नावाशी आली तेव्हा तिनं जोडाक्षरावर बोट दाबून धरलं आणि न अडता पुढे गेली. नवऱ्याच्या नावापाशी थांबली. ‘मयत’ हा शब्द तिनं तीनदा म्हटला. गट नंबर, दोन एकर, सात गुंठे. दिराचं नाव. “ह-र-क-त ना-ही.” ओट्यावर शिवकन्या गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, एक अक्षर बोलत नव्हती.

मला वाटलं संपलं. पण खाली, अंगठ्याच्या काळ्या ठशाच्या वर, अजून एक ओळ होती. पहिल्या दिवशी मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. द्वारकेनं पंजा तिथं ठेवला.

“व-री-ल म-ज-कू-र,” ती वाचत गेली, “म-ला वा-चू-न दा-ख-वि-ला.”

तिनं हात उचलला आणि ती ओळ शेवटपर्यंत एका दमात म्हटली. “वरील मजकूर मला वाचून दाखविला. तो मला समजला.”

“हे कवा लिवलं?” तिनं मला विचारलं. “अंगठ्याच्या आदी का मागून?”

“आधी,” मी म्हटलं. “टाइप करतानाच लिहितात.”

“म्हंजी घरी आनला तवाच ह्यावर व्हतं, की मला वाचून दाखवलं.”

“हो.”

तिनं कागदाची घडी घातली, पेटीत ठेवला आणि कडी लावली. शिवकन्येला हाक मारली.

“मॅडमला पानी दे,” ती म्हणाली.